शाळेची चालती बस आणि तिचे वेळापत्रक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'चालत या, सायकलने या, प्रदूषण टाळा' असे फलक शाळांच्या भिंतींवर लागतात. ठरलेल्या दिवशी मुले सायकली घेऊन येतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी गेटसमोर पुन्हा गाड्यांची तीच रांग लागते. याचे खापर पालकांवर फोडण्यात अर्थ नाही. सकाळच्या घाईत त्यांच्यापुढे साधे प्रश्न असतात: मोठा रस्ता कोण ओलांडून देणार? दप्तर एवढे जड, ते कसे न्यायचे? पाऊस आला तर? या प्रश्नांची उत्तरे फलकावर नसतात. ती नीट दिली तर मुले चालत येतात, कारण चालणे त्यांना मुळात आवडतेच. या पत्रात म्हणूनच फक्त व्यवस्थेबद्दल लिहीत आहोत: मुलांनी मोठ्यांसोबत गटाने शाळेत चालत येण्याच्या, म्हणजे 'चालत्या बस'च्या, आणि सायकलने येण्याच्या.

सुरुवात मोजणीपासून करावी. बहुतेक ठिकाणी हीच पायरी गाळली जाते. वर्गशिक्षकांनी हजेरी घेताना पाच दिवस रोज एकच प्रश्न विचारायचा: 'आज शाळेत कसे आलात?' हात वर करायचे, आकडा वहीत लिहायचा, दोन मिनिटांचे काम. 'नेहमी कसे येता?' असे विचारू नये. त्यावर मुले बाईंना जे आवडेल ते सांगतात. पर्याय सहा पुरेत: चालत, सायकल, सार्वजनिक बस, शाळेची बस किंवा व्हॅन, दुचाकी, मोटार. परीक्षेचा आणि सुट्टीला लागून आलेला आठवडा टाळावा. मग परिसराचा मोठा नकाशा भिंतीवर लावून प्रत्येक मुलाच्या घरासाठी एक टिकली चिकटवायची, नाव न लिहिता. अंतर मात्र पट्टीने सरळ रेषेत मोजू नका. मधे रेल्वेचे रूळ, नाला किंवा दुभाजक असला तर नकाशावरचे सातशे मीटर प्रत्यक्षात दीड किलोमीटर भरतात.

टिकल्या लावून झाल्या की त्यांचे पुंजके डोळ्यांत भरतात. एकाच इमारतीतली, एकाच गल्लीतली पाच-सहा मुले, आणि प्रत्येकासाठी वेगळे वाहन. त्यातली बरीच घरे किलोमीटरभराच्या आतली असतात. धुराच्या दृष्टीने नेमक्या याच फेऱ्या सर्वांत वाईट. पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये विषारी वायू निवळवणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्याशिवाय नीट काम करत नाही. सकाळी थंड इंजिन सुरू करून एक किलोमीटर गेलेली गाडी तो पुरता तापायच्या आतच गेटसमोर पोहोचते आणि तिथे इंजिन चालू ठेवून उभी राहते. सायलेन्सरचे तोंड जमिनीपासून फूटभर उंचीवर आणि पहिलीतल्या मुलाचे नाक त्याच्या थोडेच वर. शिवाय मुले त्यांच्या वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. थांबायचे दहा सेकंदांहून जास्त असेल तर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्यात इंधनही कमी जाते. गेटवर काही लिहायचेच असेल तर एवढेच लिहा: 'इंजिन बंद करा'.

आता चालण्याची व्यवस्था. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड एंगविख्ट यांनी 'चालत्या बस'ची कल्पना मांडली. १९९८ साली इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स इथे एका शाळेत ती सुरू झाली आणि पुढे अनेक देशांत पसरली. कल्पना सोपी आहे. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या थांब्यांवरून, ठरलेल्या वेळी मुलांचा गट चालत निघतो. पुढचा मोठा माणूस म्हणजे ड्रायव्हर, मागचा म्हणजे कंडक्टर. जपानमध्ये अनेक प्राथमिक शाळांची मुले पिढ्यान् पिढ्या अशीच गटाने शाळेत जातात. तिथे वरच्या इयत्तेतला मुलगा किंवा मुलगी गटाच्या पुढे असते आणि पहिलीतली मुले पिवळ्या टोपीमुळे लांबूनही ओळखू येतात.

कल्पना सोपी असली तरी ती चालवणे म्हणजे खरोखरच बस चालवणे आहे, आणि घोडे नेमके इथेच अडते. सहा-सात वर्षांची मुले दप्तर घेऊन गटाने चालतात तेव्हा ताशी तीन किलोमीटरचा वेग धरावा, म्हणजे मिनिटाला पन्नास मीटर. एक किलोमीटरला वीस मिनिटे. मोठ्या माणसाच्या चालीने, ताशी पाच किलोमीटरने आखलेले वेळापत्रक पहिल्याच सकाळी कोलमडते. मग मुलांना पळवले जाते आणि आठवड्यात पालकांचा विश्वास उडतो. मार्ग दीड किलोमीटरपेक्षा लांब नसावा. थांबे तीन ते पाच, प्रत्येकी दोनशे-तीनशे मीटरवर. थांब्यासाठी फूटपाथ रुंद असलेली, वाहने वळत नाहीत अशी जागा निवडावी. थांब्यावर बस दोन मिनिटे थांबेल आणि निघेल. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. एका मुलासाठी पाच मिनिटे थांबलात की पुढच्या थांब्यावरची दहा मुले ताटकळतात आणि दुसऱ्या दिवशी तीही उशिरा येतात. ज्याची बस चुकली त्याच्या पालकांनी त्याला शाळेपर्यंत पोहोचवायचे, पुढच्या थांब्यावर धावत आणून सोडायचे नाही.

आठ मुलांमागे एक मोठा माणूस हे प्रमाण सर्वसाधारणपणे चालते. अगदी लहान, चार-पाच वर्षांची मुले असतील तर चारांमागे एक. गट कितीही छोटा असला तरी मोठी माणसे दोन हवीतच. एकाला मुलाच्या बुटाची नाडी बांधायला वाकावे लागले तरी दुसऱ्याची नजर बाकीच्यांवर राहते. कंडक्टरच्या हातात थांब्यांप्रमाणे नावांची यादी असावी: मूल चढले की खूण, शाळेत पोहोचले की वर्गशिक्षकांकडे यादी सुपूर्द. ज्या दिवशी मूल येणार नाही त्या दिवशी पालकांनी आदल्या रात्रीच कळवायचे. चौक ओलांडताना ड्रायव्हर रस्त्यात उभा राहतो, कंडक्टर शेवटच्या मुलासोबत ओलांडतो, आणि सगळा गट एकाच वेळी पलीकडे जातो. सिग्नलचा वेळ पुरणार नसेल तर गट मधे तोडायचा नाही, पुढच्या हिरव्या दिव्याची वाट पाहायची. वेळापत्रक आखताना प्रत्येक मोठ्या चौकासाठी दोन मिनिटे वेगळी धरावीत.

मार्ग कागदावर ठरवू नये. दोन पालकांनी आणि एका शिक्षकांनी तो शाळेच्या वेळी, एखाद्या मुलाला सोबत घेऊन चालून पाहावा. मुलाच्या उंचीवर वाकून पाहिले की कळते, फूटपाथवर लावलेल्या दुचाकीमागून येणारी गाडी त्याला दिसतच नाही. प्रत्येक अडचणीची जागा, प्रकार आणि फोटो टिपून घ्यावा: उघडे झाकण, फूटपाथ मधेच संपणे, पुसलेले झेब्रा पट्टे, अंधारा कोपरा. 'रस्ते सुरक्षित करा' असा अर्ज कुणाच्या टेबलावरून हलत नाही. 'अमुक खांबापासून बारा मीटरवर पट्टे पुसले आहेत' हा अर्ज हलू शकतो.

जड दप्तर हे मुलांना गाडीत बसवण्यामागचे खरे कारण असते, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे. म्हणजे पंचवीस किलोच्या मुलासाठी अडीच किलो. त्यात लिटरभर पाण्याची भरलेली बाटली आली की एक किलो तिथेच संपला. शाळेत पिण्याचे स्वच्छ पाणी असेल तर रिकामी बाटली आणता येते. वर्गात एक कप्पा मिळाला तर जाड पुस्तके तिथेच राहतात. या दोन गोष्टींनी जेवढी मुले चालू लागतील, तेवढी कोणत्याही घोषणेने चालणार नाहीत.

मुले दमतील, अभ्यासात लक्ष लागणार नाही, ही शंका पालकसभेत हमखास येते. डेन्मार्कमध्ये २०१२ साली जाहीर झालेल्या सुमारे वीस हजार मुलांच्या पाहणीत उलटेच दिसले. चालत किंवा सायकलने येणाऱ्या मुलांची एकाग्रता वाहनातून येणाऱ्यांपेक्षा चांगली होती आणि हा परिणाम सुमारे चार तास टिकत होता. अभ्यासकांना मुळात न्याहारी आणि दुपारच्या जेवणाचा परिणाम पाहायचा होता. प्रवासाचा परिणाम त्याहून मोठा निघाला, याचे त्यांनाही नवल वाटले.

शंकांमध्ये खरी शंका एकच, वाहनांची. तिच्याकडे काणाडोळा करू नये. ताशी तीस किलोमीटर वेगाच्या गाडीचा चालक मूल दिसल्यावर एका सेकंदात ब्रेकवर पाय ठेवतो असे धरले, तर तेवढ्यात गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी पाचेक मीटरांत थांबते. एकूण तेरा मीटर. तीच गाडी ताशी पन्नासने येत असेल तर त्या पहिल्या सेकंदातच जवळजवळ चौदा मीटर जातात. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबून उभी असेल, तिथे दुसरीने अजून ब्रेकही दाबलेला नसतो. प्राथमिक शाळेतल्या मुलांना जवळ येणाऱ्या गाडीच्या वेगाचा नीट अंदाज येत नाही. हा शिकवण्यातला दोष नाही, त्या वयात दृष्टीची आणि मेंदूची वाढच तेवढी झालेली असते. म्हणून 'जपून जा' एवढे सांगून भागत नाही. शाळेभोवतीचा वेग तीसच्या आत आणावाच लागतो, आणि तो पाटीने येत नाही. उंचावलेले झेब्रा पट्टे आणि अरुंद केलेला कोपरा यांनी येतो.

गेटसमोरचा रस्ता शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-पाऊण तास वाहनांसाठी बंद ठेवणे, हा यातला सर्वांत परिणामकारक उपाय आहे. इटलीतल्या बोल्झानो शहरात १९८९ पासून असे 'शाळेचे रस्ते' आहेत. लंडनमध्ये आता ते शेकड्यांनी झाले, आणि पॅरिसने तर दोनशेहून अधिक ठिकाणी हे केले, त्यातले बरेच रस्ते कायमचे पायी चालणाऱ्यांना दिले. लागते काय? दोन्ही टोकांना हलवता येणारे अडथळे, पिवळी जाकिटे घातलेली दोन-दोन माणसे, पोलिसांची आणि पालिकेची लेखी परवानगी, आणि त्या रस्त्यावरच्या रहिवाशांशी आधी झालेले बोलणे. रहिवासी, रुग्णवाहिका आणि चालू न शकणाऱ्या मुलाची गाडी यांना मुभा हवी. तिचे नियम आधीच लिहून ठेवावेत, नाहीतर रोज अडथळ्यापाशी वाद होतात. हमखास चुकते ते एकच: गेटसमोरची कोंडी शेजारच्या गल्लीत सरकते. यावर उपाय म्हणजे वेगवेगळ्या दिशांना, शाळेपासून चारशे-पाचशे मीटरवर दोन-तीन 'सोडण्याच्या जागा' ठरवणे. एखाद्या मैदानाच्या कडेला किंवा सकाळी रिकाम्या असणाऱ्या वाहनतळावर गाडी थांबते, तिथून मुले चालत्या बसमध्ये चढतात. दहा मिनिटांचे चालणे लांबून येणाऱ्या मुलांच्याही वाट्याला येते. चालण्यासाठी वर्गांना बक्षिसे द्यायचीच असतील तर हे चालणेही मोजा. घर दहा किलोमीटरवर आहे हा काही मुलाचा गुन्हा नाही.

सायकलबद्दल थोडे सविस्तर, कारण तिथे चूक खरेदीपासूनच होते. 'वाढत्या अंगाची' म्हणून मोठी सायकल घेतात. मुलाचा पाय जमिनीला टेकत नाही आणि बोटे ब्रेकच्या दांड्यापर्यंत पोहोचत नाहीत. शिकणाऱ्या मुलाचे दोन्ही तळवे सीटवर बसून जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. सराव झाला की चवडे टेकले तरी पुरे. ब्रेकचा दांडा हँडलपासून लांब वाटत असेल तर बऱ्याच सायकलींत दांड्याच्या बुडाशी एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की दांडा हँडलच्या जवळ येतो. दुकानदार हे क्वचितच करून देतात. उंचीचा ढोबळ अंदाज असा: सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपासच्या मुलाला वीस इंची चाक, एकशे चाळीसच्या आसपास चोवीस इंची.

रोज निघण्याआधी तीन गोष्टी: हवा, ब्रेक, चेन. टायर अंगठ्याने जोरात दाबल्यावर खचत असेल तर हवा कमी आहे. किती भरायची ते टायरच्या कडेवरच छापलेले असते. कमी हवेवर सायकल जड तर जातेच, शिवाय खड्ड्यात ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यात चिमटली जाऊन शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. पंक्चर काढताना अशी जोडी दिसली की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला: चाक फिरता कामा नये. ब्रेकचे रबर रिमवरच टेकले पाहिजे. वर सरकून टायरला घासत असेल तर टायरची कड झिजून एक दिवस टायर फाटतो. एका गिअरच्या सायकलची चेन मधोमध बोटाने वर-खाली केली तर साधारण एक-दीड सेंटिमीटर हलावी. जास्त ढिली असेल तर नेमकी चढावर उतरते. तेल चेनच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब, आणि मग वरचे जादा तेल फडक्याने पुसून काढायचे. ते न पुसल्यास धूळ चिकटून चेन लवकर झिजते.

दप्तर हँडलला अडकवू देऊ नका. ते हेलकावे खात पुढच्या स्पोकांत जाते आणि चाक जागच्या जागी अडकते. कॅरिअरवर दोन पट्ट्यांनी घट्ट बांधा, पट्ट्याची लोंबती टोके खोचून घ्या. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे, पट्टे कानाखाली इंग्रजी 'व्ही'सारखे, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढी जागा. मागे कपाळ उघडे टाकून घातलेले हेल्मेट समोरून पडल्यावर काहीच वाचवत नाही.

शाळेने सायकल ठेवायची जागा नीट दिली नाही तर वरचे सगळे व्यर्थ. पुढचे चाक खाचेत अडकवायचे स्टँड टाळावेत. सायकल कलंडली की रिम वाकते, आणि कुलूप फक्त चाकाला लागते, सांगाड्याला नाही. जमिनीत रोवलेले उलट्या 'यू' आकाराचे पाईप, एकमेकांपासून एक मीटर अंतरावर. प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी एकेक अशा दोन सायकली. वर छप्पर, गेटवरच्या माणसाची नजर पोहोचेल अशी जागा, आणि सायकलींचा प्रवेश गाड्यांच्या प्रवेशापासून वेगळा. हवेचा पायपंप आणि पंक्चरचे सामान तिथेच असावे.

चौथीच्या आतल्या मुलांनी रहदारीतून एकटे सायकलने येऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गटाने मात्र येता येते. बार्सिलोनाच्या आशाम्प्ला भागात २०२१ च्या शरद ऋतूत शुक्रवारी सकाळी पालक आणि मुले मिळून सायकलींचा ताफा काढू लागली; पुढे-मागे आणि कडेला मोठी माणसे, मधे मुले. आठवड्यातून एकच दिवस ठेवल्यामुळे पालकांना वेळ काढता आला. रोजचा हट्ट धरला असता तर कदाचित महिन्यात थांबले असते.

जी मुले खरोखरच लांब राहतात त्यांच्यासाठी बसच योग्य, पण ती दारोदार फिरवू नये. एका थांब्याला मिनिटभर धरले तर चाळीस दारांसाठी चाळीस मिनिटे फक्त थांबण्यात जातात आणि तेवढा वेळ इंजिन चालूच असते. चार-चार मुलांचे दहा थांबे केले तर हा वेळ दहा मिनिटांवर येतो, बसची दुसरी फेरी होऊ शकते आणि कदाचित एक बस कमी लागते. थांब्यापर्यंतचे दोन-तीनशे मीटर मुले चालतात. पालकांचा विरोध या दोन-तीनशे मीटरांनाच असतो. तिथेही चालत्या बसचीच छोटी आवृत्ती उपयोगी पडते.

पावसात छत्रीपेक्षा दप्तर आत मावेल असा रेनकोट बरा. छत्रीमुळे मुलाला बाजूचे दिसत नाही आणि वाहनचालकाला मूल दिसत नाही. कोरड्या मोज्यांचा एक जोड वर्गातल्या कप्प्यात राहू द्या.

शेवटी, चालत्या बस बंद का पडतात ते. मुलांचा उत्साह मावळतो असे सांगितले जाते, पण आधी मोठ्यांच्या पाळ्यांची व्यवस्था कोसळते. सुरुवातीला दोन पालक उत्साहाने रोज जातात. तिसऱ्या महिन्यात एकाची नोकरीची वेळ बदलते, आणि वर्षाअखेरीस दुसऱ्याचे मूल वरच्या शाळेत जाते. यादी, फोन नंबर, मार्गाचा नकाशा सगळे त्यांच्याच मोबाइलमध्ये. म्हणून एका मार्गासाठी किमान दहा पालकांची नोंदणी झाल्याशिवाय सुरुवात करू नये. रोज दोघे, पाच दिवसांचे दहा. म्हणजे प्रत्येकाला आठवड्यातून एकच सकाळ द्यावी लागते. दोन राखीव नावे वेगळी. कुणाला सोबत पाठवायचे हे शाळेने तपासून, ओळख पटवून ठरवावे. नोंदवही शाळेच्या कार्यालयात राहावी आणि तिची जबाबदारी एका शिक्षकांकडे, त्यांच्या कामाच्या तासांत धरून, लेखी द्यावी. पुढच्या वर्षाचे प्रमुख पालक सत्र संपायच्या दोन महिने आधी नेमावेत आणि जुन्या प्रमुखांसोबत त्यांनी निदान चार सकाळी चालावे. सहा आठवड्यांनी सुरुवातीचीच मोजणी, त्याच प्रश्नाने, पुन्हा करावी. एखादा मार्ग चालत नसेल तर तो बंद करून त्याचे पालक दुसऱ्या मार्गावर घ्यावेत, आणि नवे वेळापत्रक सोमवारच्या आधी प्रत्येक थांब्यावर लावावे.

आपले,
शाळेच्या वाटांवर काम करणारे काही पालक आणि शिक्षक